मंडळी सुटली, भीती सुटायला वेळ लागतो

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात बुवाबाजीविषयी अधूनमधून मजकूर येतो आणि तो मी नेमाने वाचते. त्यात बहुधा बाबा, महाराज, देवऋषी आणि अंगात येणाऱ्या बाया यांची प्रकरणे असतात. मी ज्या प्रकाराविषयी लिहीत आहे तो त्याच जातीचा असला, तरी तो आमच्यासारख्या ख्रिस्ती घरांत घडतो. आणि विदर्भात आमचा समाज संख्येने लहान असल्यामुळे त्याविषयी आत कोणी बोलत नाही आणि बाहेर कोणाला कळत नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात अंगणवाडी सेविका आहे. आमची चार एकर कोरडवाहू शेती आहे. २०१३ ते २०२० अशी सात वर्षे मी, माझे यजमान, सासूबाई आणि आमची मुलगी एका नव्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, सभासद होतो. तिथून आम्ही कसे बाहेर पडलो हे सांगावे लागेलच. पण बाहेर पडल्यावर माणसाचे काय होते, आणि त्या वेळी भोवतालच्या लोकांनी कसे वागावे, हे सांगण्यासाठी मुख्यतः हे पत्र आहे. मंडळीचे आणि तिथल्या पाळकांचे, म्हणजे पास्टरांचे, नाव मी मुद्दाम देत नाही. माझा दीर आणि जाऊ अजून त्याच छपराखाली बसतात, आणि मी त्यांना गमावू इच्छित नाही.

आम्ही नव्याने ख्रिस्ती झालेलो नाही. माझी पणजी १८९९-१९०० च्या दुष्काळात आईबाप गमावून मिशनच्या अनाथाश्रमात वाढली. तेव्हापासून घरात रविवारची उपासना, नाताळ, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजने हे सारे पिढीजात चालत आलेले. मग अशा घरातली माणसे कोणाच्या कह्यात कशी गेली, असा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला आहे. त्याचे उत्तर सोपे आहे. २०१२ साली आमच्या मुलीला सिकलसेल असल्याचे तपासणीत निघाले. आई आणि बाप दोघेही वाहक असले की मूल या आजाराचे निघण्याचा संभव असतो; रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, सांध्यांत अशा कळा उठतात की लेकरू रात्र रात्र ओरडत राहते. विदर्भात हा आजार अनेक समाजांत आहे आणि अंगणवाडीच्या कामामुळे मला त्याची माहिती होती. पण माहिती असणे वेगळे आणि सात वर्षांच्या मुलीचे गुडघे मांडीवर घेऊन पहाटेची वाट पाहणे वेगळे. त्या रात्री आमच्या जुन्या मंडळीतून कोणी आले नाही. नव्या मंडळीतून लोक आले. त्यांनी भाकरी करून आणल्या, मुलीचे पाय शेकले, एकाने आपल्या गाडीवरून आम्हाला ग्रामीण रुग्णालयात पोहोचवले आणि सगळ्यांनी रडून प्रार्थना केली. ते प्रेम खोटे होते असे मी आजही म्हणणार नाही. ज्यांनी भाकरी आणली त्यांनी ती मनापासून आणली होती, आणि म्हणूनच पुढे जे झाले ते ओळखायला आम्हाला इतकी वर्षे लागली.

पहिले वर्ष सुखाचे गेले. मग ‘आच्छादन’ हा शब्द आमच्या कानावर पडू लागला. पाळक हे देवाने कुटुंबावर घातलेले आच्छादन आहे, त्याच्याखालून जो निघेल त्याच्यावर सैतानाचा अधिकार चालतो, अशी शिकवण दर शुक्रवारच्या उपवास-प्रार्थनेत दिली जात असे. ही शिकवण मानल्यावर बाकीचे सगळे ओघानेच आले. बकरी विकायची तर विचारायचे. मुलीला तालुक्याच्या शाळेत घालायचे तर विचारायचे. माझ्या सख्ख्या मामेबहिणीने बौद्ध घरात लग्न केले होते, तिच्या मुलीच्या लग्नाला जाण्याची परवानगी मला मिळाली नाही आणि मी गेले नाही. तिला फोन करून माझी प्रकृती बरी नसल्याचे खोटे सांगितले. खोटे बोलणे पाप आहे असे शिकवणाऱ्या मंडळीच्या सांगण्यावरून मी ते खोटे बोलले, हे त्या वेळी माझ्या ध्यानातही आले नाही.

पैशाविषयी थोडक्यात सांगते, कारण लोकांना बहुधा तेवढेच ऐकायचे असते आणि माझ्या मते ते सर्वांत मोठे दुखणे नव्हते. आमच्या मंडळीत दशमांश, म्हणजे देवाच्या नावाने द्यायचा दहावा हिस्सा, निव्वळ उत्पन्नावर नव्हता, एकूण रकमेवर होता. २०१८-१९ च्या हंगामात आम्ही जिनिंगवर अकरा क्विंटल कापूस घातला, भाव साडेपाच हजार मिळाला, पट्टी ६०,५०० रुपयांची झाली. बियाणे, खत, फवारणी आणि वेचाईची मजुरी वजा केली तर हातात फार थोडे उरत होते. तरी पट्टी पाहून ६,०५० रुपये मागून घेण्यात आले. पीएम किसानचे दोन हजार खात्यात आले की दोनशे, माझे मानधन आले की त्याचा दहावा हिस्सा. एका वर्षी सोसायटीचे पीककर्ज मिळाले, त्यावरही दशमांश कापला गेला, म्हणजे आम्ही व्याजाने घेतलेला पैसा देवाच्या नावाने दिला. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस खाल्ला, तेव्हा आमच्या पाळकांनी व्यासपीठावरून सांगितले की, ज्यांनी दशमांशात हात आखडला त्यांच्या बोंडात देवाने अळी सोडली. अळीने त्या साली दशमांश देणाऱ्याचे शेत सोडले नव्हते आणि न देणाऱ्याचेही सोडले नव्हते. आमच्या धुऱ्याला लागून असलेल्या शेजाऱ्याने तर आयुष्यात कधी चर्च पाहिलेले नाही, त्याचे आणि आमचे नुकसान सारखेच होते. हे मला दिसत होते, आणि दिसत असूनही मी रात्री यजमानांना विचारले की आपण कुठे चुकलो असू.

पैशापेक्षा खोल गेली ती पापकबुली. दर महिन्याला प्रत्येकाने पाळकांसमोर बसून मनातले सगळे सांगायचे आणि ते एका वहीत लिहिले जायचे. मुलीच्या दुखण्याने थकून एका पावसाळ्यात माझ्या मनात आले होते की आपल्यालाच देवाने उचलावे, म्हणजे सुटू. हे मी यजमानांनाही सांगितले नव्हते. त्या वहीसमोर सांगितले. पंधरा दिवसांनी उपदेशात एका ‘अविश्वासू आईचा’ दाखला आला. नाव घेतले नाही, पण अंगणवाडी आणि आजारी मुलगी यांचा उल्लेख होता, आणि गोदरीवर बसलेल्या बायकांच्या माना एकेक करून माझ्याकडे वळल्या. माझी मुलगी माझ्या शेजारी बसली होती. तिने माझ्या पदराचे टोक बोटाला गुंडाळले आणि उपासना संपेपर्यंत सोडले नाही. पैसा गेला तो गेला. त्या दिवशी गेलेली लाज मात्र मला पुढे कितीतरी वर्षे कोणाहीसमोर तोंड उघडू देत नव्हती, डॉक्टरांसमोरही नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये पाळकांनी जाहीर केले की नव्या वर्षात आजारी लोकांनी औषधाचा आधार सोडून केवळ विश्वासाने उभे राहायचे आहे. मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या आणि फोलिक ॲसिड यांवर तिचे बरे चालले होते, वर्षभरात मोठी कळ आली नव्हती. मी स्वतः गोळ्यांची पाकिटे नेऊन व्यासपीठावर ठेवली. हे वाक्य लिहिताना आजही माझा हात थांबतो, पण ते लिहिले नाही तर हे पत्र खोटे ठरेल. कोणी माझा हात धरून ते करवून घेतले नव्हते. मी सात वर्षांत अशी झाले होते की धरायची गरज राहिली नव्हती. जानेवारीच्या थंडीत तिला कळ आली, मग छातीत दुखू लागले आणि श्वास घेता येईना. गावातून तालुका, तालुक्यातून जिल्हा, रक्त चढवले, नऊ दिवस ती रुग्णालयात होती. सहाव्या दिवशी पाळक आले. त्यांनी खाटेजवळ उभे राहून विचारले, घरात कोणते लपवलेले पाप आहे. मुलगी ऑक्सिजनवर होती. तिने मास्क बाजूला करून विचारले, “पास्टर, तुमच्या चष्म्यासाठी पण प्रार्थना केली होती का?” तिने ते उद्धटपणे विचारले नव्हते, तिला खरोखर जाणून घ्यायचे होते. ते काही न बोलता निघून गेले आणि पुढच्या रविवारी मुलीत बंडखोर आत्मा असल्याचे मंडळीत सांगण्यात आले. त्यानंतर आम्ही गेलो नाही.

बाहेरचे लोक समजतात की इथे गोष्ट संपली. खरे तर आमची खरी कसोटी इथून पुढे होती. प्रत्येक रविवारी सकाळी नऊ वाजले की माझ्या पोटात गोळा यायचा आणि हात गार पडायचे, कारण सात वर्षे त्या वेळेला उशीर म्हणजे शाप अशी सवय लागली होती. जूनमध्ये पहिली वीज कडाडली की माझे यजमान, वयाची पन्नाशी ओलांडलेले, अंथरुणात उठून बसायचे आणि म्हणायचे, आता आली. बैलाला ठेच लागली, मुलीला साधी सर्दी झाली, प्रत्येक गोष्टीत आम्हाला शिक्षा दिसायची. डोक्याने ठाऊक होते की हे खोटे आहे. पण भीती डोक्यात राहत नाही. त्याहून विचित्र म्हणजे निर्णय घेण्याची शक्ती गेली होती. सोयाबीन पेरायचे की तूर, हे यजमान मला विचारत आणि मी त्यांना विचारत असे, आणि आम्ही दोघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसत असू, कारण तिसऱ्या कोणीतरी ते ठरवायचे अशी सवय झाली होती. एकदा बाजारात साडीच्या दुकानात मी दोन साड्या हातात घेऊन अर्धा तास उभी राहिले आणि काहीही न घेता घरी आले.

आणि अपराध. माझ्या शब्दावर दोन घरे त्या मंडळीत गेली होती. एक माझ्या जावेचे आणि दुसरे अंगणवाडीतल्या मदतनीस ताईंचे. मला जे सोसावे लागले त्याचा राग पाळकांवर काढता येतो. मी ज्यांना तिथे नेले त्यांचे काय, या प्रश्नाला कोणावर राग काढून उत्तर मिळत नाही. ताई पुढे बाहेर आल्या आणि मी त्यांची क्षमा मागितली. जावेशी अजून बोलणे नाही.

२०२२ च्या मे महिन्यात सासूबाई वारल्या. नव्या मंडळीच्या सर्वांना निरोप गेला होता की बंडखोरांच्या घरच्या मयताला कोणी जायचे नाही. शवपेटी तालुक्याहून आणावी लागली. खांदा द्यायला शेजारचे कुणबी, बौद्ध आणि गोंड समाजाचे लोक आले, त्यांच्यातल्या दोघांनी भर उन्हात खड्डा खणायला मदत केली. माझा दीर, म्हणजे सासूबाईंचा धाकटा मुलगा, आणि जाऊ गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली उभे होते. पेटी त्यांच्यापुढून गेली तेव्हा दिराने पायातली चप्पल काढली, पण पाऊल उचलले नाही. मला त्याचा राग आला नाही. त्या झाडाखाली तो कोणत्या भीतीने उभा होता हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार?

कायद्याविषयी दोन शब्द लिहिते, कारण आपल्या वाचकांत वकील आणि पोलीस अधिकारीही असतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या हत्येनंतर आपल्या राज्यात आधी वटहुकूम आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. आपल्यात अतींद्रिय शक्ती आहे असे भासवून लोकांच्या मनात भीती घालणे आणि आपले न ऐकल्यास वाईट परिणाम होतील अशी धमकी देणे, हा त्या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. वाळीत टाकण्याविरुद्धचा २०१६ चा कायदाही आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे दोन्ही कायदे कोणत्याही एका धर्मासाठी केलेले नाहीत. मी तक्रार केली नाही. घरातलेच दोघे आत असताना आणि स्वतःच्या हाताने गोळ्या नेऊन ठेवलेल्या असताना मला ते जमले नाही, आणि जिला जमेल तिला मी साथ देईन, एवढेच म्हणते. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्म पाळण्या-सांगण्याच्या आधी सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य लिहिलेले आहे, हेही मला बाहेर पडल्यानंतर प्रथमच कळले.

आता जे उपयोगी पडले ते सांगते. पहिली मदत सरकारी रुग्णालयातून झाली. मुलीच्या तपासणीला गेलो असता डॉक्टरांनी माझी अवस्था पाहून मला त्याच इमारतीतल्या मानसोपचार विभागात पाठवले. तिथल्या समुपदेशक बाईंनी मला देवाविषयी काहीच विचारले नाही. त्यांनी विचारले, झोप किती लागते, जेवण कसे आहे, मनात मरणाचे विचार येतात का. पुष्कळ भेटींनंतर त्या म्हणाल्या की, ही भीती तुम्हाला सात वर्षे रोज थोडी थोडी शिकवली गेली आहे, ती एका महिन्यात विसरायची घाई करू नका. मला वाटत होते की माझा विश्वास कमी पडतो म्हणून मी घाबरते. त्या बाईंमुळे कळले की हे शिकवलेले आहे, आणि शिकवलेले हळूहळू विसरता येते. ज्यांना जिल्ह्याला जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी १४४१६ हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक आहे, त्यावर फोन केल्यास मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

दुसरी मदत आमच्या जुन्या मंडळीतल्या एका वृद्ध मावशींची. आम्ही बाहेर पडल्याचे कळल्यावर त्या आठवड्यातून दोनदा दुपारच्या येऊ लागल्या. सुपात तूर घेऊन पाखडायला बसायच्या, मुगवड्या टाकायच्या असतील तर ओढणी बांधून बसायच्या. “वावरात आज कोण गेलं?”, “पोरीचे पाय दुखतात का?” एवढेच विचारायच्या. चर्चला ये असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. तू तिथे गेलीसच कशी, असेही म्हणाल्या नाहीत. चौदा महिने पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, माझ्या ट्रंकेत फडक्यात गुंडाळलेले होते, कारण ते उघडले की मला पाळकांचा आवाज ऐकू यायचा. मावशींना ते ठाऊक होते आणि त्यांनी ट्रंकेकडे कधी बोट दाखवले नाही. एक दिवस मीच म्हणाले, मावशी, मलाखीचा तिसरा अध्याय काढू का? मलाखी हे पवित्र शास्त्रातले एक पुस्तक, आणि त्या अध्यायाच्या दहाव्या वचनावरूनच आम्हाला सात वर्षे दशमांश मागितला गेला होता. त्या म्हणाल्या, दहाव्यापासून नको, पहिल्यापासून वाच. मी वाचत गेले आणि पाचव्या वचनावर थांबले. मजुराची मजुरी दाबणाऱ्यांवर आणि विधवा व अनाथ यांना पिडणाऱ्यांवर देव तिथे साक्षी उभा राहतो. पाच ओळी वर असलेले हे वचन मी त्या मंडळीत कधी ऐकले नव्हते. मग शास्त्रातल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात वाचले की दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा आणि त्यातून परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर जेवायचे. ‘माझ्या अभिषिक्तांना’, म्हणजे देवाने निवडलेल्यांना, ‘हात लावू नका’ हे वचन तर आमच्यावर काठीसारखे उगारले जात असे. स्तोत्रसंहितेच्या एकशे पाचव्या स्तोत्रात ते शोधून काढल्यावर दिसले की तिथे परक्या मुलखात फिरणाऱ्या अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांना छळू नका असे देव राजांना बजावत आहे. बलवानाच्या हातून दुबळ्याला वाचवण्याचे ते वचन आहे, आणि त्याने दुबळ्याचे तोंड बंद केले गेले. दावीद राजा तर अभिषिक्तच होता, तरी संदेष्टा नाथान त्याच्या तोंडावर त्याचे पाप सांगून आला. माझ्यासारख्या दहावी शिकलेल्या बाईला हे वाचून कळू शकत होते. फक्त स्वतः वाचायचे असते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

त्या सुमारास मावशींनीच मला पंडिता रमाबाईंविषयी सांगितले. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या धर्मभगिनींनी रमाबाईंकडून अपेक्षा केली की त्यांनी चर्चचे म्हणणे मुकाट्याने मानावे. रमाबाईंनी १८८५ साली पत्र लिहून कळवले की, मोठ्या कष्टाने आपल्याकडच्या पुरोहितांचे जू मी उतरवले आहे, तसलेच दुसरे जू मानेवर घ्यायला मी तयार नाही. त्यांनी ख्रिस्ताला सोडले नाही. पुढे सारे शास्त्र मराठीत आणण्यासाठी आयुष्य वेचले. ना. वा. टिळकांनीही १९१७ साली मिशनचे काम सोडून ‘देवाचा दरबार’ काढला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या दोघांनाही जागा दिली. आमच्याच समाजात, आमच्याच भाषेत ही माणसे होऊन गेली होती, आणि मला सात वर्षे वाटत राहिले की प्रश्न विचारणारी मी पहिलीच पापी आहे.

गावातल्या आणि आसपासच्या लोकांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, बाहेर पडलेल्या घराला टोमणे मारू नका. आम्ही बाहेर पडल्यावर पहिल्या महिन्यात किराणा दुकानावर मला ऐकावे लागले, “का बाई, उतरलं का भूत?” त्या दिवशी घरी येऊन मी यजमानांना म्हणाले की परत जाऊ, तिथे निदान कोणी हसत नव्हते. आम्ही गेलो नाही. पण जाणारी घरे असतात, आणि त्यांना पाळक जितके ओढतात तितकेच आपले हसणे मागे ढकलते. आमच्या उदाहरणावरून कोणी सगळ्या ख्रिस्ती लोकांना झोडपू पाहत असेल, तर त्याने माझे नाव त्यात वापरू नये. दोन-तीन जण तशी विनंती घेऊन माझ्याकडे आले होते. एकाने विचारले, आता तरी आपल्या मूळ धर्मात येता का? त्यांना मी चहा दिला आणि सांगितले की एका माणसाने माझ्या भीतीचा उपयोग केला, तुम्ही माझ्या जखमेचा करू नका.

जुन्या मंडळ्यांना सांगणे थोडे कठीण आहे, कारण तिथे माझी आपली माणसे आहेत. आम्ही परत यायचे म्हटले तेव्हा पंच-मंडळाने कळवले की मंडळीसमोर उभे राहून चुकीची कबुली द्यावी, मग प्रभुभोजनात, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीत, घेऊ. त्यांचा हेतू वाईट नव्हता, तो जुना नियम आहे. पण ज्या बाईची कबुली एकदा व्यासपीठावरून वाटली गेली, तिला पुन्हा लोकांसमोर उभे करणे म्हणजे काय, हे त्यांच्या लक्षात आले नाही. मावशी त्या बैठकीत काठी टेकत गेल्या आणि म्हणाल्या, पोर आजारी असताना आपण गेलो नव्हतो, कबुली आधी आपण देऊ. नियम बाजूला ठेवण्यात आला. मी दोन महिने मागच्या बाकावर बसून परत यायचे, प्रार्थना म्हणायचे नाही, गाणे म्हणायचे नाही, आणि पाळकांनी ते चालवून घेतले. यजमान अजूनही जात नाहीत. ते रविवारी शेतात जातात, आणि त्यांना कोणी विचारत नाही, याबद्दल मी त्या मंडळीची ऋणी आहे.

जिथे जिथे मंडळी आहे, जुनी असो की नवी, तिथे जमाखर्चाचा कागद भिंतीवर लागावा, कबुलीची वही कोणी ठेवू नये, औषध बंद करायला कोणी सांगितले तर त्याच दिवशी आशाताईला किंवा अंगणवाडीत येऊन सांगावे, एवढ्या तीन गोष्टी मी माझ्या परीने सांगत फिरते. अंगणवाडीत सिकलसेलची तपासणी असते त्या दिवशी तर मी प्रत्येक आईला हे सांगते, ती कोणत्याही धर्माची असो.

मुलगी आता बरी आहे असे म्हणवत नाही, कारण हा आजार असा बरा होत नाही. पण ती गोळ्या वेळेवर घेते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी राहून शिकते. मागच्या नाताळाला ती घरी आली होती. सासूबाईंच्या कबरेवर दिवा लावायला आम्ही गेलो, तेव्हा तिथे आधीच एक मेणबत्ती जळून संपलेली होती आणि शेजारी दोन झेंडूची फुले होती. आमच्याआधी कोण येऊन गेले असेल, हे आम्ही एकमेकींना विचारले नाही. परत येताना मी जावेच्या दारावरून आले. दार बंद होते, पण आत दिवा होता. मी दारात मुगवड्यांची पुडी ठेवली आणि घरी आले.

माझे नाव व पत्ता आपल्याकडे दिलेला आहे, तो छापू नये. यवतमाळ, वर्धा, अमरावती या भागांत कोणी अशा मंडळीतून बाहेर पडले असेल आणि त्यांना नुसते बसून बोलायचे असेल, तर त्यांनी आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर पत्र पाठवावे आणि आपण ते कृपया माझ्याकडे पोहोचते करावे. मी येईन किंवा त्यांनी यावे. ते सध्या कुठल्या चर्चला जातात, किंवा जातात की नाही, हे मी विचारणार नाही.

आपली नम्र,
एक अंगणवाडी सेविका
जि. यवतमाळ